पोस्ट-प्राप्ती साधन

समाजमाध्यमांवरील सार्वजनिक मजकूर एआय एजंटाला, म्हणजे सोपवलेले काम टप्प्याटप्प्याने स्वतः पार पाडणाऱ्या भाषा-प्रारूपाधारित प्रणालीला, मागणीनुसार मिळवून देणारा संगणकीय दुवा. भाषा-प्रारूप स्वतः जालावर जात नाही. ते साधनाचे नाव आणि त्याला पुरवायच्या बाबी ठरावीक रचनेत लिहून देते, प्रत्यक्ष मागणी यजमान प्रोग्रॅम करतो आणि आलेले उत्तर मजकुराच्या रूपात प्रारूपापुढे ठेवतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या प्रारूपांना ही सोय दिली आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने साधनांच्या वर्णनाला सामाईक साचा पुरवला.

या साच्यात साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला लागणाऱ्या बाबींचा आराखडा असतो. प्रारूप हे वर्णन वाचूनच साधन वापरायचे की नाही हे ठरवत असल्यामुळे इथे दस्तऐवजीकरण हे साधनाचेच एक अंग ठरते. ‘पोस्ट शोधते’ एवढे मोघम वर्णन माणसाला कदाचित चालून जाईल. एजंटाला मात्र शोध कोणत्या माध्यमात होतो, एका खेपेस किती नोंदी मिळतात आणि पुढचा भाग कसा मागायचा हे स्पष्ट सांगावे लागते.

ब्ल्यूस्काय या माध्यमाचा एटी प्रोटोकॉल खुला असल्याने साधनाची घडण तिथे नीट पाहता येते. पत्ता ठाऊक असलेल्या पोस्टसाठी ‘गेटपोस्ट्स’ ही विनंती असून ती एका वेळी पंचवीसपर्यंत पत्ते स्वीकारते. शब्दावरून शोधण्यासाठी ‘सर्चपोस्ट्स’ ही निराळी विनंती असून तिची कमाल मर्यादा शंभर आहे, आणि त्यापुढील नोंदींसाठी उत्तरासोबत येणारी ‘कर्सर’ नावाची खूण परत पाठवावी लागते. खातेदाराचे दर्शनी नाव बदलू शकते, पण त्यामागील कायम ओळखचिन्ह बदलत नाही. म्हणून साधनाने दोन्ही परत करणे इष्ट असते. प्रत्येक पोस्टला दोन वेळा जोडलेल्या असतात : एक लिहिणाऱ्याच्या उपकरणाने सांगितलेली, जी मुद्दाम मागची-पुढची टाकता येते, आणि दुसरी सेवेने नोंद घेतल्याची. अफवा आधी कोणी पसरवली यासारख्या प्रश्नात पहिलीवर विसंबणे धोक्याचे असते.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पोस्टमधील दुवा कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे एटी प्रोटोकॉल यूटीएफ-८ च्या बाइटांत मोजतो. ‘मराठी’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, युनिकोडात पाच चिन्हांचा आणि बाइटांत पंधरांचा भरतो, त्यामुळे चिन्हे मोजणारे साधन दुवा भलत्याच शब्दाला चिकटवते. शिवाय ‘सुऱ्या’मधला अर्धा र युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येत असल्याने दोन्ही रूपे एकसारखी करून न घेणाऱ्या शोधातून काही पोस्ट निसटतात. पोस्टला लावलेली भाषेची खूणही लिहिणाऱ्याच्या बाजूने आलेली असते. तिच्याविना मराठी आणि हिंदी यांचा निवाडा केवळ लिपीवरून होत नाही.

साधनाची खरी कसोटी रिकाम्या उत्तरात लागते. पोस्ट पुसली गेली असेल तर ‘गेटपोस्ट्स’ त्रुटी न कळवता ती नुसती वगळते. पुष्कळ सेवा मागण्यांची मर्यादा ओलांडल्यावर ४२९ हा संकेतांक देतात. कधी शोधाला खरोखरच काही सापडत नाही. साधनाने या तिन्ही गोष्टी एकाच कोऱ्या यादीत गुंडाळल्या, तर ‘या विषयावर कोणीच लिहिलेले नाही’ असा निष्कर्ष एजंट बेधडक काढतो. त्यामुळे मागितलेल्या आणि मिळालेल्या पत्त्यांचा ताळा करून न मिळालेले पत्ते उत्तरात वेगळे दाखवणे, हे कितीही कंटाळवाणे वाटले तरी टाळण्याजोगे नाही.

प्रवेशाच्या अटी माध्यमागणिक वेगळ्या असतात आणि त्या बदलतातही : रेडिटने आपल्या प्रोग्रॅमिंग दुव्याचे नवे दर २०२३ मध्ये लागू केल्यावर अपोलोसारखी त्यावर विसंबलेली अ‍ॅप्स बंद पडली. ब्ल्यूस्कायवर लॉग-इन न केलेल्यांना आपले खाते दाखवू नये अशी इच्छा वापरकर्ता नोंदवू शकतो. ही केवळ विनंती असून माहिती तांत्रिकदृष्ट्या उघडीच राहते, तरीही साधनाने तिचा मान राखणे सभ्यपणाचे होय. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातून व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे, परंतु एकाविषयी दुसऱ्याने लिहिलेला मजकूर त्या सवलतीत आपोआप बसत नाही.

पोस्टच्या मजकुरातच एजंटाला उद्देशून छुप्या आज्ञा पेरता येतात. या प्रकारास ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात. मजकूर परका आहे अशी खूण करून तो द्यावा, हा त्यावरचा अपुरा पण आवश्यक उपाय होय. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन ‘केवळ वाचणारे’ असल्याची सूचना जोडता येते. ती सूचनाच असल्यामुळे प्रत्यक्ष बंदोबस्त मात्र पोस्ट लिहिण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार नसलेली प्रवेश-किल्ली देऊनच करावा लागतो.