ईडा-पिडा जाते कुठे?

समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दारावर पाकुआ आरसा लावलाय. अष्टकोनी, लाल-पिवळा, मधे बशीएवढी काच. रोज ऑफिसला निघालो की आधी त्यात माझंच तोंड दिसतं. चिनी समजुतीप्रमाणे हा आरसा बाहेरून येणारं वाईट ते सगळं परतवून लावतो. परतवतो म्हणजे कुठे? अर्थात माझ्या दारात! हाँगकाँगमध्ये म्हणे यावरून शेजाऱ्यांत भांडणं लागतात. एकाने आरसा लावला की समोरचाही लावतो. तिथला बँक ऑफ चायनाचा टॉवर १९९० मध्ये उघडला, त्याच्या कडा धारदार. मग एचएसबीसीच्या गच्चीवरच्या क्रेन त्याच्यावर तोफांसारख्या रोखल्यात, असं लोक सांगतात.

पण मंडळी, यावर हसायचा हक्क मला नाही. माझं आजोळ वर्धा जिल्ह्यातलं, जामजवळचं. (तेच जाम, जिथे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो.)

आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात. त्यांना मेढे म्हणायचं. गंमत बघा, चीनमध्येही नववर्षाला दाराच्या दोन्ही बाजूंना पीचच्या लाकडाच्या पाट्या लावायची फार जुनी रीत होती. पीचला भुतं घाबरतात म्हणे. पुढे त्यांच्या जागी लाल कागद आले. ते पीच वर्षभर पहारा द्यायचं. आमच्या पळसाची ड्यूटी मात्र एका रात्रीची. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, ते मेढे उपटायचे आणि 'ईडा-पिडा, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत' असं ओरडत गावाबाहेर नेऊन टाकायचे. मला मामी सांगायची, "शिवेवर फेक अन् मांगं वळून पाहू नको."

म्हणजे चिनी पाटी चौकीदार, आणि आमची फांदी बोळा. घरातलं वाईट पुसून घ्यायचं आणि फेकून द्यायचं.

नागपुरात याचंच मोठं रूप दिसतं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बांकाबाई, असं जुने लोक सांगतात. त्या सोबत बडगे असतात, त्यात भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत वर्षभराचा सगळा राग येतो. मिरवणूक संपली की जाळून टाकायचं. हे मला बरं वाटतं. जाळलं म्हणजे संपलं, कुणाच्या गळ्यात गेलं नाही.

फेकण्याचं तसं नाही. आम्ही कोडमध्ये एक्सेप्शन थ्रो करतो तेव्हा पहिला प्रश्न हा असतो की कॅच कोण करणार. शिवेवर कोण राहायचं? महारवाडा, मांगवाडा गावाबाहेरच असायचा, आणि शीव राखायचं काम महारांकडे. ग्रहण सुटताना 'दे दान, सुटे गिऱ्हाण' असं ओरडत मांग समाजातली माणसं फिरत, लोक त्यांना धान्य, जुने कपडे देत. त्याला दान म्हटलं, तरी कपड्याबरोबर ग्रहणाचा दोषही जावा हीच इच्छा असायची. आरशाने निदान समोरच्याकडे ढकललं, तोही आरसा लावू शकतो. ज्याला 'नको' म्हणता येत नव्हतं त्याच्याकडे ढकलायची व्यवस्था आपण केली, आणि ती शेकडो वर्षं चालवली. लिंबू-मिरचीची टिंगल करणारे माझे सगळे विवेकवादी मित्र या मुद्द्याकडे फिरकत नाहीत. लिंबाने काही होत नाही हे मलाही मान्य आहे, पण ते कुणाच्या अंगणात पडतं?

असो. मागे एका पोळ्याला रजा टाकून गेलो होतो. तान्ह्या पोळ्याला मामेभावाचा मुलगा मेढे घेऊन निघाला, मी बरोबर. शिवेवरचा नाला आता रस्त्याला लागून आहे आणि पलीकडे चार-पाच टिनाची घरं झालीत. पोरगा ओरडला, फांद्या भिरकावल्या, आणि शहाण्यासारखा न वळता परत चालू लागला.

मी वळलो. पलीकडून एक म्हातारी बाई आली आणि फांद्या गोळा करू लागली. आमच्या आधीच्या घरांच्याही तिच्या काखेत होत्या.

"आजी, हे कशाले नेता?" मी विचारलं.

"ओल्या हायेत अजून," ती म्हणाली. "वाळल्या का चुलीले होतात."