दोन आवाज, एक गाव आणि बदललेलं नाव

मंडळी, आज ज्या बँडकडे आपण वळतोय, त्याचं गाव आधी नकाशावर शोधू. जर्मनीच्या पश्चिमेला रूरचा पट्टा, कोळशाचा आणि पोलादाचा. त्यातलं कास्ट्रोप-राउक्सेल. तिथली एरिन ही कोळसा खाण १९८३ मध्ये बंद पडली.

खाणी थंडावत होत्या, तेव्हा याच पट्ट्यात दोन आवाज मोठे झाले. ऐंशीच्या दशकात एसेनचा क्रिएटर आणि गेल्सनकिर्शेनचा सोडोम हे थ्रॅश मेटलचे बँड पुढे आले. नव्वदच्या दशकात डॉर्टमुंडच्या वेस्टफालेनहालेत 'मेडे'च्या रात्री टेक्नोवर हजारो लोक नाचू लागले. दोन्हींचा श्रोतावर्ग बराचसा वेगळा. एकमेकांकडे नाक मुरडणारेही होतेच!

२०१० मध्ये कास्ट्रोप-राउक्सेलच्या मुलांनी हे दोन्ही एकत्र केलं. बँडचं नाव ठेवलं एस्किमो कॉलबॉय. २०१२ मध्ये पहिला अल्बम आला, 'बरी मी इन वेगास'.

आता हे मिश्रण जमतं कसं? टेक्नोत ठोका सरळ असतो: एक, दोन, तीन, चार, प्रत्येक मात्रेवर. मेटलकोअरमध्ये 'ब्रेकडाउन' येतो, तेव्हा लय निम्म्यावर आल्यासारखी वाटते आणि गिटार जड होतात. वरवर पाहता दोन्हींचा मेळ नाही. पण युक्ती एकच आहे, बरं का. आधी ताण वाढवत न्यायचा, मग तो एकदम सोडायचा. या बँडने नेमकी हीच जागा हेरली.

सुरुवातीच्या गाण्यांवर टीकाही झाली. शब्द उथळ, बायकांविषयी अनुदार. ती टीका आपण झाकून ठेवू नये.

२०२० मध्ये गायक सेबास्टियन बीस्लर बाहेर पडला, निको झालाख आला. त्याच वर्षी, करोनाने मैफली बंद पाडलेल्या असताना, 'हायपा हायपा' गाजलं. २०२२ मध्ये 'पंप इट' घेऊन त्यांनी युरोव्हिजनसाठी प्रयत्न केला. जर्मनीच्या अंतिम निवडफेरीत त्यांना घेतलं नाही, चाहते चिडले. जर्मनीचं जे गाणं गेलं, ते ६ गुण मिळवून शेवटच्या क्रमांकावर राहिलं. अर्थात, हे गेले असते तर जिंकले असते, असं म्हणायला आपल्याकडे पुरावा नाही.

खरा निर्णय मार्च २०२२ चा. 'एस्किमो' हा शब्द आर्क्टिकमधल्या अनेक लोकांना अपमानास्पद वाटतो. बाहेरच्यांनी लादलेलं ते नाव आहे. बारा वर्षं कमावलेलं नाव बँडने सोडलं आणि इलेक्ट्रिक कॉलबॉय झाला. जुन्या ध्वनिमुद्रणांवरही आता नवीन नाव दिसतं. सप्टेंबरमध्ये 'टेक्नो' हा अल्बम आला आणि जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. २०२४ मध्ये जपानच्या बेबीमेटलबरोबर 'राटाटाटा' आलं.

मग इतिहास लिहिताना २०१२ चा अल्बम कोणत्या नावाने नोंदवायचा? आम्हाला वाटतं, जुनं नाव त्याच्या काळापुरतं एकदा सांगावं, ते का सोडलं तेही सांगावं, आणि पुढे त्यांनी निवडलेलंच नाव वापरावं. जुनं नाव पुसून टाकलं, तर त्यांनी ते सोडलं हेही पुसलं जाईल. आज आम्ही हाच क्रम पाळला.

असो. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.