केळीच्या वासाचा इशारा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वाढलेल्या माणसाला आग्या मोहोळ समजावून सांगावं लागत नाही. विहिरीच्या कपारीत, वडाच्या उंच फांदीवर, पाण्याच्या टाकीखाली ते उघड्यावर लटकलेलं असतं. 'एक माशी चावली की थांबू नको, पळ,' असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. मला प्रश्न पडायचा, एकीमागे हजार येतात कशा?

हा प्रश्न जुना आहे. १६०९ मध्ये इंग्लंडमधल्या चार्ल्स बटलर या पाद्र्याने मधमाश्यांवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं, की विषाचा वास आला की बाकीच्याही तुटून पडतात. स्वित्झर्लंडचा फ्रान्स्वा ह्युबर तर अंध होता. पोळ्याच्या दाराशी नुसती नांगी धरली तरी माश्या खवळतात, हा त्याचा प्रयोग १८१४ मध्ये छापून आला. त्या वासाचं नाव कळायला १९६२ उजाडलं. कॅनडातल्या बॉख, शियरर आणि स्टोन यांनी नांगीतून एक रसायन ओळखलं: आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. पुढे ते आग्या माशीतही सापडलं.

आता गंमत बघा. पिकलेल्या केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः ह्याच रसायनाचा! म्हणून केळीला दोष देऊ नका. आपल्याकडे घड हिरवाच कापतात, वास येतो तो नंतर, पिकवताना.

खरा मुद्दा नांगीचा आहे. तिला उलटे काटे असतात, त्यामुळे माशी उडते आणि नांगी कातडीतच राहते. ती विष सोडत राहते आणि 'इथे मारा' असा वासही. म्हणजे जुन्या माणसांचं 'पळ' अगदी बरोबर. फडकं झटकत उभं राहणं मात्र घातक.

नांगी नखाने खरवडायची की चिमटीने ओढायची, हा वादही जुनाच. १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या प्रयोगाने तो मिटवला: पद्धतीने फरक पडत नाही, उशिराने पडतो. शेतात मात्र आधी चुना शोधतात, कोयत्याचं लोखंड घासतात. तेवढ्यात विष आत गेलेलं असतं.

तेव्हा आधी लांब पळा, बंद खोलीत शिरा, लगेच नांग्या काढा. डंख बरेच असतील, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर थेट दवाखाना. चुना नंतर.