विमान-प्रवासातील अधिक सामान : वजन, नग आणि शुल्क

विमान-प्रवाशाच्या जादा सामानावर आकारले जाणारे शुल्क हा वरवर पाहता क्षुल्लक विषय होय. तथापि प्रवासभाड्यात नेमके कशाचे मोल अंतर्भूत असते, हा वाहतुकीच्या अर्थेतिहासातील मूलभूत प्रश्न या शुल्काच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसून येतो. या इतिहासाच्या तीन अवस्था मानता येतात.

पहिली अवस्था वजनाची. १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये सामानाच्या पावतीवर नगांची संख्या व वजन नमूद करणे आवश्यक होते. कारण सामान गहाळ झाल्यास वाहतूक कंपनीचे दायित्व दर किलोग्रॅममागे २५० सुवर्ण फ्रँकपुरते मर्यादित असे. हिंदुस्थानात या कराराची तत्त्वे १९३४ च्या अधिनियमाने अंमलात आली. त्या काळच्या लहान विमानांत प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब इंधनाशी निगडित होता, त्यामुळे वजन हेच आकारणीचे स्वाभाविक एकक ठरले. १९४५ साली हॅवाना येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाच्या दरपद्धतीत पहिल्या वर्गास ३० व स्वस्त वर्गास २० किलोग्रॅम सामान विनामूल्य असे. पुढील प्रत्येक किलोग्रॅमला पहिल्या वर्गाच्या एकेरी भाड्याच्या १ टक्का शुल्क पडे. म्हणजे माणूस स्वस्त वर्गातून जात असला, तरी त्याची पेटी पहिल्या वर्गाच्या हिशेबाने जाई. २० किलोग्रॅम जादा सामान नेणाऱ्यास त्या वर्गाच्या भाड्याचा पाचवा हिस्सा मोजावा लागे.

दुसरी अवस्था नगाची. जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७ विमान सेवेत दाखल झाले. अशा बृहत्काय विमानांच्या पोटात जागा विपुल होती. तुटवडा पडू लागला तो सामान स्वीकारण्यास लागणाऱ्या वेळेचा व मनुष्यबळाचा. त्याच दशकात अमेरिकेच्या मार्गांवर दोन नगांची पद्धत रूढ झाली. लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरांच्या आत आणि वजन ३२ किलोग्रॅमपर्यंत असा प्रत्येक नगाचा दंडक होता. ३२ किलोग्रॅमची मर्यादा पुढेही टिकून राहिली, ती विमानाच्या शक्तीपेक्षा ओझे उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीचा विचार करून. या बदलाचे सामाजिक परिणाम मात्र विषम होते. महाराष्ट्रातून अमेरिकेस जाणारा विद्यार्थी दोन पेट्यांत मिळून ६४ किलोग्रॅमपर्यंत संसार नेऊ शकला. आखाती देशांत जाणाऱ्या कोकणातील कामगाराच्या वाट्यास मात्र जुना वजनकाटाच दीर्घकाळ राहिला.

तिसरी अवस्था विलग आकारणीची. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील अंतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण हटविण्याचा मार्ग मोकळा झाला. २००८ साली इंधनाचे दर कडाडले असता अमेरिकन एअरलाइन्सने जूनपासून पहिल्याच पेटीवर १५ डॉलर आकारण्यास आरंभ केला. येथे ‘अधिक’ या शब्दाचा अर्थच पालटला. त्याच वर्षाच्या अखेरीस खनिज तेलाचे भाव कोसळले, परंतु शुल्क राहिले. तेव्हा इंधनाचे कारण निमित्तमात्र होते, असे म्हणावयास हरकत नाही. याचे एक कारण करव्यवस्थेत सापडते : अमेरिकेतील अंतर्गत भाड्यावर ७.५ टक्के कर असतो, तो सामानाच्या शुल्कास लागू नाही. २०२३ साली तेथील कंपन्यांचे या शुल्काचे उत्पन्न ७ अब्ज डॉलरांवर गेले. दोन पेट्या विनामूल्य नेणाऱ्या साउथवेस्ट कंपनीनेही २८ मे २०२५ पासून ही सवलत सर्वसामान्य प्रवाशांपुरती बंद केली. भारतात १५ ते २० किलोग्रॅमच्या टप्प्यासाठी किलोग्रॅममागे १०० रुपयांची मर्यादा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती २०१७ साली रद्दबातल ठरविली.

दायित्वाचा कायदा दरम्यान उलट दिशेने गेला, हे लक्षणीय होय. १९९९ च्या माँट्रियल करारात सामानाच्या नुकसानभरपाईची मर्यादा किलोग्रॅमवरून काढून प्रवाशावर बसविण्यात आली. भरपाई देताना प्रवासी हे एकक आणि शुल्क घेताना पेटी हे एकक, असे हे द्वैत आहे. वॉर्सा पद्धतीत एकाच काट्यावर शुल्क आणि दायित्व या दोहोंचे माप होत असे. ते नाते तुटल्यावर शुल्क हे ओझ्याचे मोल न राहता प्रवाशाच्या गरजेचे मोल बनले.