आकड्यामागचं नाव



सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. सगळे त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, कारण तिथं घरटी कुणी ना कुणी फौजेत असतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान गेले. आपल्याकडच्या इतरही काही गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. गावातून लढाईला किती गेले आणि किती परत आले नाहीत, एवढंच तिच्यावर असतं. आकडे आहेत, नावं नाहीत. आज त्या नावांबद्दल बोलू.

ही माणसं गेली का? घरी पावसाच्या भरवशावरची जिराईत जमीन, आणि पलटणीत महिना 11 रुपये पगार. गेली कुठं? बरीचशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी तिथं पुणे डिव्हिजनमध्ये होत्या.

22 नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांच्या खंदकांवर त्यांना चालून जावं लागलं. आपल्या बाजूचे साडेचार हजारांच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. जखमींचे हाल तर विचारू नका. त्यांना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांत घालून खाचखळग्यांतून नदीवर आणलं. तिथून गच्च भरलेल्या बोटींतून बसऱ्यापर्यंत कित्येक दिवसांचा प्रवास. जखमा चिघळल्या, वाटेतच जीव गेले. 1917 साली चौकशी आयोगानं यावर कडक ताशेरे ओढले आणि विलायतेतल्या भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. पण सरकारी कागदावर त्या शिपायापुढं दोनच शब्द राहिले: ‘जखमांनी मृत्यू’.

मागे फिरलेली फौज कुत या गावी वेढ्यात सापडली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, असे जवळपास पावणेपाच महिने. खंदकांत पुराचं पाणी शिरलं. पीठ संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस तोंडाला लावलं नाही. शेवटी शरणागती झाली आणि कैदी म्हणून वाळवंटातून चालताना आणखी कितीतरी गेले.

बसऱ्याला यांचं मोठं स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या अंमलदारांचीही कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा टाकला. तिथंही आकडाच!

पण बायांनो, नाव कुठंतरी असतंच. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता इंटरनेटवर मोफत बघता येतात. शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि काही नोंदींत ‘अमकीचा नवरा’ म्हणून बायकोचंही नाव असतं. वाळवा, तासगाव, खानापूरच्या बायांनी शोधताना जिल्हा सातारा बघायचा. हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं 1960 ला सांगली नाव पडलं.

आणि घरातही बघा. आजेसासूच्या पत्र्याच्या पेटीत चांदीचं पदक असलं, तर त्याची कड उजेडात धरा. तिथं नंबर, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. बशीएवढी काशाची चकती, तिच्यावर उभी बाई आणि सिंह दिसला, तर ती लढाईत गेलेल्याच्या घरी पाठवलेली चकती आहे. तिच्यावर त्याचं नाव उठवलेलं असतं. ती भंगारात घालू नका, पोरांकडून वाचून घ्या.

त्याचा देह गावी आला नाही, राखही आली नाही. घरच्या बाईला रडायला जागासुद्धा नव्हती. तेव्हा ते नाव वहीत लिहा, शेजारी तिचंही लिहा आणि गावच्या शाळेत नेऊन द्या. पुढच्या वेळी मुलं त्या पाटीपुढं उभी राहतील, तेव्हा त्यांना आकडा नको, माणूस सांगता येऊ दे.