चौथा उद्गार

शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्या चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. क्षमेचा पहिला उद्गार मागून घेणारे पुष्कळ. चौथा मात्र कुणाला नको असतो, म्हणून बहुधा तो माझ्यासारख्या निवृत्त मास्तराच्या गळ्यात पडतो. देवाने मला का टाकलं, असं खुद्द येशूच विचारतो. त्यावर वीस मिनिटं बोलायचं!

ही तीन तासांची उपासना मूळची पेरूतल्या लिमाची. १६८७च्या भूकंपात ते शहर जमीनदोस्त झालं आणि त्याच काळात अलोन्सो मेसिया या जेज्वीट धर्मगुरूने ही प्रथा घालून दिली. तिथून ती स्पेनला आली. काडिझला बाराच्या ठोक्याला दारं बंद होत. भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकलेले, मध्ये टांगलेला एकच मोठा दिवा. बिशप व्यासपीठावर चढून एक उद्गार उच्चारत, त्यावर बोलत, मग उतरून वेदीपुढे गुडघे टेकत. तेवढ्या वेळात वाद्यं वाजत. ते संगीत १७८०च्या दशकात हायडनने रचलं. शेवटी त्याने भूकंप वाजवला. १७५५चा भूकंप आणि त्सुनामी सोसलेल्या काडिझकरांना त्याचा अर्थ सांगावा लागला नसेल.

चौथ्या उद्गारावर बोलताना व्यासपीठावर मात्र पळवाटा फार. तिसऱ्या शतकाच्या आरंभी टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्राक्सियस या शिक्षकाला लेखणीने झोडपलं, कारण त्याच्या शिकवणीत पिताच क्रुसावर मरत होता. पुढे रूढ झालेली पहिली पळवाट अशी: पुत्राने दुःख सोसलं ते मनुष्यस्वभावात, देवत्वाला दुःख शिवत नाही. तर्क बिनचूक, पण पोर गमावलेल्या आईपुढे तो मांडून पाहावा! दुसरी पळवाट म्हणजे येशू बाविसावं स्तोत्र म्हणत होता आणि त्याचा शेवट स्तुतीत होतो.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी या वाटा नाकारल्या. १९४३ साली हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा विमानविरोधी तोफेवरच्या या सतरा वर्षांच्या पोराशेजारी त्याचा मित्र मेला. पुढे युद्धकैदेत त्यांनी मार्कच्या शुभवर्तमानात ही आरोळी वाचली. १९७२च्या ग्रंथात ते म्हणतात, पुत्र टाकलेपण सोसतो, पिता पुत्राचा वियोग सोसतो, आणि या ताटातुटीतही आत्मा दोघांना जोडून ठेवतो. म्हणजे मरतो पुत्रच, पण दुःख त्रैक्याच्या आत शिरतं. यावर पुष्कळ आक्षेप आले, काही रास्तही आहेत. मला तरी याहून प्रामाणिक उत्तर आढळलेलं नाही.

पुढच्या वर्षी चौथा उद्गार तुमच्याकडे आला, तर कृपा करून पुनरुत्थानाच्या रविवारची घाई करू नका.