कपाळावरचं कुंकू, भिंतीवरचा येशू

आमची आत्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) एका खेड्यात राहते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिला पोटाचं मोठं दुखणं झालं. मिशनच्या दवाखान्यात बरी झाली आणि तेव्हापासून दर रविवारी ती उपासनेला जाते. मामा बौद्ध, पोरगा बौद्ध, सून-नातवंडं बौद्ध. आत्या एकटी येशूची. बाप्तिस्मा घेतला का, हे तिला घरात कुणी कधी विचारलं नाही. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि शेजारी येशूचा फोटो. कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू.

दोन वर्षांमागं आम्ही चौघे कार्यकर्ते तिकडं गेलो होतो. चहा घेताना आमच्यातला एकजण आत्याच्या कपाळाकडं बघून म्हणाला, "काय राव, ही ना धड ख्रिस्ती, ना धड बौद्ध." आम्ही हसलो. मीही हसलो, हे लपवत नाही. आत्यानं कपबशा गोळा केल्या आणि माझ्या मनगटाकडं बोट दाखवलं. "ह्यो दोरा कसला रं?" गिरणीत रिंगफ्रेमवर माझं बोट सापडलं होतं, त्यानंतर आईनं बांधलेला काळा दोरा होता तो. म्हणालो, "आईनं बांधला." आत्या म्हणाली, "मंग हे कुकूबी माझ्या आयनंच लावलंय."

दोस्तांनो, दहावीनंतर माझं शिक्षण गिरणीतच झालं. रातपाळी सुटल्यावर झोप येत नाही, तेव्हा वाचतो. आत्याच्या घरून आल्यावर मी एकच गोष्ट शोधत वाचत सुटलो : माणसाचा धर्म खरा की खोटा, हे त्याच्या अंगावरच्या नि घरातल्या वस्तूंवरून ठरवायची ही रीत कुणी पाडली? आणि तपासणारा कोण, तपासला जाणारा कोण?

पहिलं गोवा. तिथं १५६० साली इन्क्विझिशन बसलं, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मचौकशीचं कोर्ट. मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. सोळा हजारांवर खटले झाले. फिर्याद कुणी दिली हे आरोपीला कळायचं नाही. शेजारी देऊ शकायचा, घरातला गडीही देऊ शकायचा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली या कोर्टावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात १४ एप्रिल १७३६ चं फर्मान आहे. ते वाचताना मी दोनदा थांबलो. बाटवलेल्या ख्रिस्त्यांनी भात शिजवताना हिंदूंसारखा अळणी शिजवायचा नाही, मीठ घालायचं. दारात, परसात तुळस ठेवायची नाही, असेल तर उपटायची. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, हळद लावायची नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायांनी चोळी घालायची नाही. भाताच्या तपेल्यात मीठ आहे की नाही यावरून येशूवरची श्रद्धा! पाद्र्याची जीभ भातावर आणि भाताचा पुरावा कोर्टात.

हे फक्त गरिबाच्याच दारी आलं असं मी म्हणणार नाही. तुळस बाटलेल्या बामणांच्या दारातही होती, आणि तेही पकडले गेले. पण हेच चर्च दुसरीकडं काय करत होतं ते बघा. रॉबर्टो द नोबिली नावाचा इटालियन जेझुइट पाद्री १६०६ साली मदुराईला आला. भगवी वस्त्रं, शाकाहार, कपाळाला गंध, अंगात जानवं. बाकीच्या पाद्र्यांनी बोंब मारली, भांडण रोमपर्यंत गेलं. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी निकाल दिला की नव्या ख्रिस्त्यांनी जानवं, शेंडी, गंध ठेवायला हरकत नाही. हे धर्माचं नाही, समाजातल्या मानाचं चिन्ह आहे. बामणाचं जानवं धुऊन पवित्र झालं. पुढं १६४० च्या सुमाराला खालच्या जातींसाठी वेगळे पाद्री नेमले, पंडारस्वामी. कारण बामणांत वावरणाऱ्या पाद्र्यानं परय्याच्या घरात उघडपणे शिरलं तर त्याचा मान जाणार! जानवं चाललं, तुळस चालली नाही. खूण तीच असते, ती कुणाच्या अंगावर आहे आणि तिथं कुणाची गरज आहे यावर निकाल फिरतो.

मद्रासकडं एक वेगळी परीक्षा झाली आणि तिच्यावर माझा राग नाही. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी हुकूम काढला की चर्चमध्ये जात चालणार नाही. तंजावर भागातले वेल्लाळ ख्रिस्ती चर्च सोडून बाहेर पडले. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, पण परय्याच्या मांडीला मांडी लावून बसायची वेळ आली तेव्हा येशू परका झाला. पुढं १८५० च्या सुमाराला मद्रासच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी धरून धरलं की जात सोडली म्हणणाऱ्यानं सर्वांबरोबर बसून जेवून दाखवावं. ही परीक्षाही बाहेरचीच. पण ती कपाळ बघत नव्हती, पंगत बघत होती. तुमचा देव तुमच्या पोटात कुठं आहे हे विचारत नव्हती, तुम्ही माणसाशी कसं वागता हे विचारत होती.

आता महाराष्ट्रात या. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. तिथल्या सिस्टरांना वाटलं, ही गर्विष्ठ आहे, हिचं मन अजून वळलं नाही. पण रमाबाईंनी पत्रं लिहून उत्तरं दिली, तोडीस तोड. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग-ओव्यांत येशू गायला, कीर्तनं केली, १९१७ साली संन्यास घेतला. लोक म्हणाले, हा खरा भारतीय ख्रिस्ती धर्म. लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या धर्मांतरानंतर कितीतरी दिवस सोवळ्यानं वेगळं रांधत होत्या, हे त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणानं लिहिलंय. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मला टिळक पतिपत्नींबद्दल आदर आहे. माझा सवाल एवढाच की बामणानं जुन्या खुणा ठेवल्या तर तो संगम होतो, आणि आमच्या आत्यानं ठेवल्या तर ती अर्धवट ठरते, हे कसं?

कारण आमच्या लोकांच्या धर्मांतराला एक शब्द आधीच तयार होता : पोटासाठी. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं पटापट मेली. मिशनच्या कामावर, मिशनच्या धान्यावर जे जगले त्यातले कितीतरी महार-मांग पुढं ख्रिस्ती झाले. इंग्रजीत त्यांना ‘राइस ख्रिश्चन’ म्हणायला लागले, म्हणजे भातासाठी ख्रिस्ती झालेले. गावात तर बोलायची सोयच नाही. गप्प राहिला तर पोटासाठी बाटला, मोठ्यानं गाणी म्हटली तर बाटग्याची बांग मोठी! उपाशी माणसाला ज्यानं भाकरी दिली त्याचा देव खरा वाटला, यात खोटं काय आहे? गावच्या देवाच्या पुजाऱ्यानं त्याला पायरीवरसुद्धा चढू दिलं नव्हतं.

१९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि तपासणारे सगळे जागे झाले. १९३६ साली गांधीजी जॉन मॉट या अमेरिकन मिशनरी पुढाऱ्याशी बोलले. ते ‘हरिजन’मध्ये छापून आलं. अर्थ असा की, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल का? काही अस्पृश्यांची समज तर गाईहून कमी. धर्माधर्मांतला फरक त्यांना कळणार नाही. म्हणजे आमची श्रद्धा खोटी ठरवायला आता खूणसुद्धा लागेना. जातच पुरे.

बाबासाहेबांनी याला उत्तर लिहिलं. ते त्यांच्या हयातीत छापलं नाही. लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात १९८९ साली आलं. ते म्हणतात, धर्मांतराचा इतिहास काढून बघा. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस लढाई जिंकायला ख्रिस्ती झाला, त्याच्या मागं त्याची प्रजा झाली. केंटच्या एथेलबर्टची गोष्टही तशीच. तलवारीनं, लालसेनं, राजाच्या हुकमानं देशच्या देश ख्रिस्ती झाले. आणि आता तर धर्म वडिलोपार्जित इस्टेटीसारखा बापाकडून पोराकडं जातो. मग विचार करून धर्म बदलणाऱ्या अस्पृश्याचाच हेतू तेवढा चाळणीत का घालायचा?

पण बाबासाहेबांनी ख्रिस्त्यांना माफही केलं नाही. १ जानेवारी १९३८ ला ते आमच्या सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलले. ‘जनता’त ते छापून आलं. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी मला ओढून घेतलं, असं त्यांनी सांगितलं. आणि मग कान उपटले : दक्षिणेत तुमच्या चर्चमध्ये जात आहे, आणि एक समाज म्हणून तुम्ही अन्यायाविरुद्ध उभे राहिला नाहीत. त्या सभेत कुंकवाच्या बाया असतीलच की. त्यांची कपाळं बाबासाहेबांनी मोजली नाहीत.

त्यांनी दाखवलेली जात अजून बघायची असेल तर तिरुचिरापल्लीला जा. मेलपुदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत घातली. ती भिंत किती वर्षं भांडणाचा विषय आहे. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीवरून धर्म तपासायचाच असेल तर ही एक वस्तू मला मान्य आहे. पण हिचा पंचनामा करायला कुणी पथक गेलेलं मी वाचलं नाही.

पथकं जातात ती आपल्या घरात. १९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशात इंग्रजांनी लिहिलं की ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू सोडून बाकीच्यांना बाहेर ठेवलं. शीख १९५६ साली पूर्ण आत आले, बौद्ध १९९० साली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्याच काळात, १९५४ साली, मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या चौकशीला समिती नेमली. तेव्हा नागपूर-विदर्भ त्याच राज्यात. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ साली अहवाल आला : शाळा, दवाखाने, कर्ज यांची आमिषं दाखवून धर्मांतरं होतात, मनापासून क्वचित. आणि त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा धम्म स्वीकारणाऱ्यांत हेच नियोगी होते! मी त्यांच्या दीक्षेवर शंका घेत नाही. त्यांच्या हेतूवर समिती बसली नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

आता अलीकडचं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीच्या जात पडताळणी समितीनं सतरा वर्षांच्या एका बौद्ध घरातल्या मुलीचा ‘महार’ जातीचा दावा फेटाळला. दक्षता पथकाला घरात येशूचा फोटो दिसला होता. कुणीतरी भेट दिला, आम्ही लावला, असं पोरगी सांगत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपूर खंडपीठानं तो निर्णय रद्द केला. भिंतीवर फोटो आहे म्हणून माणूस ख्रिस्ती झाला हे कुठलाही शहाणा मानणार नाही, बाप्तिस्म्याचा पुरावा कुठं आहे, अशा अर्थाचं कोर्टानं सुनावलं. त्याआधी २०२१ साली मद्रास हायकोर्टापुढं असंच आलं होतं : डॉक्टर बाईच्या दवाखान्यात क्रॉस दिसला आणि जातीचा दाखला काढून घेतला. तोही कोर्टानं परत दिला. पण २६ नोव्हेंबर २०२४ ला, संविधान दिनीच, पुदुच्चेरीच्या एका बाप्तिस्मा झालेल्या बाईला सुप्रीम कोर्टानं दाखला नाकारला. खऱ्या श्रद्धेवाचून केवळ आरक्षणासाठी धर्म बदलणं ही संविधानाशी फसवणूक, असं म्हटलं. कायदा आहे तसा आहे, कोर्टाला बाप्तिस्मा दिसला. पण ‘खरी श्रद्धा’ कुठल्या मापानं मोजली ते मला त्यात सापडलं नाही. आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली जात असती तर मेलपुदूरला भिंत कशाला लागली असती?

गोव्यात तुळस दिसली म्हणून ख्रिस्ती माणूस खोटा ख्रिस्ती ठरला. अमरावतीत येशू दिसला म्हणून बौद्ध पोरगी ख्रिस्ती ठरली. आणि आम्ही? दसऱ्याच्या आधी वस्तीत घराघरांत शिरून देव्हारे बघतो, पिठाच्या डब्यामागची मरीआई काढतो, कुठल्या वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे ते वहीत टिपतो. बावीस प्रतिज्ञा मीही घेतल्यात, देव्हारे गेलेच पाहिजेत असं माझंही मत आहे. पण त्या वहीवर माझं अक्षर आहे, आणि प्रियोळकरांचं पुस्तक वाचल्यापासून ती वही मी उघडली नाही. संघटनेत याबद्दल मला बोल लागला. लागो.

मागच्या उन्हाळ्यात आत्याच्या मोठ्या नातीला नर्सिंगला जायचं होतं. जात पडताळणीचे कागद घातले. पथक घरी येईल असं कुणीतरी सांगितलं. मी नागपूरच्या निकालाचं वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन गेलो, म्हटलं फोटो असू द्या, कायदा आपल्या बाजूनं आहे. मामा म्हणाले, "हायकोर्टात जायला तुझ्या गिरणीचा मालक पैसं देनार हाय का? तवर पोरीचं वरीस जातंय."

आत्यानंच फोटो उतरवला. जुन्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत ठेवला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, त्यावर सोसायटीचं कॅलेंडर टांगलं.

पथक आलंच नाही. कागदांवर काम झालं, दाखला मिळाला, पोरगी कॉलेजला गेली. दिवाळीत मी आत्याला म्हणालो, "आता लाव की फोटो." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. अजून धाकटीचं व्हायचंय."